लान्सिंगच्या पुढचा ढग

विमानात बसल्यावर सुनेला काही म्हणजे काही शिकवायचं नाही, अशी ताकीद शैलाबाईंनी नवऱ्याला दिली होती. श्रीरामरावांनी ती मान्य केली आणि शब्दशः पाळली. सुनेला, म्हणजे देवयानीला, या ताकिदीचा पत्ताच नव्हता. २००६ सालच्या जानेवारीतल्या एका शनिवारी मिशिगनच्या आकाशात जे घडलं, त्याची सुरुवात इथून झाली.

ताकीद द्यावी लागली, याला कारण होतं. श्रीरामराव भारतातल्या एका विमान कंपनीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले होते. उभा जन्म तपासणी आणि फेरतपासणी करण्यात गेलेला. नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर दोघं नवरा-बायको पुण्याहून मिशिगनमधल्या नोव्हाय गावी मुलाकडे राहायला आले आणि श्रीरामरावांनी आल्या आल्या घराची तपासणी सुरू केली. डिशवॉशरमध्ये ताटल्यांची तोंडं कुठे हवीत, रात्री हीटर किती अंशांवर असावा, गाडी गराजमध्ये उलटी का लावावी. बोलण्यात राग नसे, टोमणा नसे, नुसती माहिती असे. पण ती दिवसभर चालू असे. त्यांचा मुलगा प्रसाद हे लहानपणापासून ऐकत आला होता, त्यामुळे सगळं त्याच्या कानावरून जाई. देवयानीच्या जात नसे. ती उलट बोलली नाही. ऑफिसातून उशिरा यायला लागली, एवढंच. शैलाबाईंच्या ते सगळ्यांच्या आधी लक्षात आलं.

“तुमचं बरोबरच असतं हो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या. “पण घर तिचं आहे. आणि त्या विमानात तर तोंडच उघडायचं नाही. विमानही तिचंच आहे.”

विमान तसं एका फ्लाइंग क्लबचं होतं. चार सीटांचं, एका इंजिनाचं जुनं सेसना, वयाने देवयानीच्या बरोबरीचं. देवयानी गाड्यांच्या एका कंपनीत इंजिनिअर होती. भल्यामोठ्या शीतगृहात गाडी रात्रभर गोठवायची आणि सकाळी तिच्या काचेवरचा बर्फ हीटरने किती वेळात जातो ते मोजायचं, हे तिचं काम. विमान चालवणं हा छंद. तीन वर्षांपूर्वी लायसन्स मिळालं, आणि गेल्या उन्हाळ्यात ढगातून, नुसत्या काट्यांकडे बघत उडायची परवानगीही. नागपूरला माहेरी या छंदाविषयी फोनवर बोलणं सगळे टाळत. प्रसाद दोनदा बरोबर बसला होता आणि दोन्ही वेळा त्याने डोळे मिटून घेतले होते. सासरे मात्र पहिल्यांदा हँगरमध्ये आले, तेव्हा इंजिनाचं झाकण उघडायला सांगून आत बराच वेळ बघत राहिले, लहान मूल दुकानातल्या बरण्यांकडे बघतं तसे. मला चालवू दे, असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत.

त्या शनिवारी ग्रँड रॅपिड्सला लतामावशीकडे बोरन्हाण होतं. लतामावशी म्हणजे शैलाबाईंची मावसबहीण. तिचा नातू देव वर्षाचा होत आला होता आणि त्याच्यासाठी हलव्याचे दागिने शैलाबाईंनी स्वतः केले होते. विकतचा हलवा देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मिळतो असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा त्यांनी त्या माणसाकडे नुसतं पाहिलं होतं. नोव्हायच्या स्वयंपाकघरात मंद आचेवर परात ठेवून त्या रोज दुपारी बसत. परातीत तीळ, वाटीत साखरेचा पाक. थेंबभर पाक सोडायचा, बोटांनी फिरवायचं, वाळू द्यायचं, पुन्हा थेंब. थेंब लहान आणि हवा थंड असली, की दाण्यावर काटा फुटतो. पाक जास्त पडला, तर दाणा गुळगुळीत होतो आणि फुकट जातो. देवयानी एकदा शेजारी बसून हे बघत होती, तिच्यातल्या इंजिनिअरला त्यात गंमत वाटली होती.

“इथल्या थंडीत काटा फार सुरेख येतो,” शैलाबाई म्हणाल्या होत्या. अमेरिकेच्या हवेची त्यांनी केलेली ती एकमेव स्तुती.

मुकुट, हार, बाजूबंद, बासरी, सगळं एका रुंद, चपट्या खोक्यात बसवलं होतं. शैलाबाई त्या विमानात पाऊल ठेवायला तयार नव्हत्या, म्हणून त्या आणि प्रसाद सकाळीच गाडीने निघाले. गाडी घडीच्या खुर्च्या, चुरमुरे, बोरं आणि जेवणाच्या ट्रेंनी गच्च भरली होती. खोकं आडवं ठेवायला जागा उरली नाही, आणि हीटरच्या झोतात हलव्याला पाणी सुटेल ही भीती वेगळीच. तेव्हा खोकं विमानातून जायचं ठरलं. मागच्या सीटवर, पट्टा लावून.

देवयानीने सकाळी हवामान खात्याला फोन केला. तिकडच्या माणसाने सांगितलं, की लेक मिशिगनवरून ढग येताहेत, त्यात बर्फ धरेल, पण दुपारपर्यंत ते तळ्याच्या काठालाच राहतील. ग्रँड रॅपिड्स साधारण मोकळं असेल. छोट्या विमानाला बर्फाचं भय मोठ्या विमानाहून कितीतरी जास्त. ढगातलं पाणी शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहतं आणि विमानाला लागल्या क्षणी गोठतं. पंखाचा आकार बिघडतो, वजन वाढतं, उडण्याची ताकद कमी होते. मोठ्या विमानात पंख गरम करायची सोय असते. या सेसनात वेग मोजणारी नळी तेवढी गरम करता येई, पंखांसाठी काही नव्हतं. म्हणून देवयानीने स्वतःपुरता नियम ठरवला होता: वाटेत लान्सिंग लागतं, लान्सिंगच्या पुढे ढग दिसला, तर तिथेच उतरायचं आणि भाड्याची गाडी करायची.

निघण्याआधी ती विमानाभोवती फिरून एकेक गोष्ट तपासत होती, तेव्हा श्रीरामराव हात पाठीमागे बांधून तिच्या मागून चालत होते. हात पाठीमागे का, हे तिला कळलं नाही. परीक्षा घ्यायला आलेल्या माणसासारखे वाटत होते ते. तेल तिने दोनदा तपासलं.

वर गेल्यावर मात्र सगळं छान होतं. खाली बर्फाने पांढरी झालेली शेतं, गोठलेली तळी, वर स्वच्छ निळं. विमान स्थिर झालं, तसं देवयानीने डाव्या सीटवरून उजवीकडे पाहिलं. सासरे मांडीवर हात ठेवून समोर बघत होते.

“घ्या बाबा, तुम्ही चालवा,” ती म्हणाली.

त्यांनी एकदा तिच्याकडे बघून खात्री केली आणि दोन बोटांनी आपल्या बाजूचं सुकाणूचं चाक धरलं. थोड्याच वेळात तिला कळलं, की असं सरळ विमान तिने स्वतः कधी चालवलेलं नाही. उंचीचा काटा जागचा हलत नव्हता. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते तिने नोव्हायच्या घरात एवढ्या दिवसांत पाहिलं नव्हतं. रेडिओ तिने स्वतःकडे ठेवला. एवढं सोडलं, तर तिला करण्यासारखं काही उरलं नाही आणि तिला ते बरंही वाटलं.

लान्सिंग डाव्या पंखाखालून मागे सरकत असताना समोर ढग दिसला. काठावर राहणार होता तो निम्मी वाट चालून आला होता. करड्या रंगाची, सपाट माथ्याची, क्षितिजभर पसरलेली भिंत.

“पुढे ढग आहे, बाबा,” देवयानी म्हणाली.

“हो. दिसतोय,” श्रीरामराव म्हणाले.

एवढंच. दोघांनाही ते बोलणं पुरेसं वाटलं. देवयानीने अर्थ घेतला, की जन्मभर ढगांतून गेलेला माणूस म्हणतोय तर चालेल. श्रीरामरावांनी अर्थ घेतला, की तिला ढग दिसलाय, देश तिचा, थंडी तिच्या ओळखीची, तिने विचार केलेला असणार. मागच्या सीटवर हलव्याचं खोकं होतं आणि ग्रँड रॅपिड्सला बाळ वाट बघत होतं. नियम तिच्या मनात एकदा डोकावला. पण त्यासाठी चाक सासऱ्यांच्या हातून परत घ्यावं लागलं असतं, आणि ते तिला जेवत्या माणसापुढचं ताट ओढून घेण्यासारखं वाटलं. तिने वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर चालू केला, रेडिओवर जमिनीवरच्या कंट्रोलरला काही सांगितलं नाही, आणि विमान ढगात शिरलं.

आत सगळं पांढरं. खिडकीबाहेर पंख सोडून काही नाही. तापमापक शून्याखाली सात दाखवत होता. सासरे आता बाहेर न बघता काट्यांकडे बघून चालवत होते, आणि तेही उत्तमच. देवयानीने डावीकडे, पंखाला खालून टेकू देणाऱ्या तिरक्या दांड्याकडे पाहिलं. त्याच्या पुढच्या कडेवर एक पांढरी रेघ उमटली होती. खडूने ओढावी तशी.

तिने उजवीकडे पाहिलं. श्रीरामराव शांत होते. त्यांच्या बाजूच्या दांड्यावरही रेघ असणार आणि ती त्यांना दिसत असणार. ते काही बोलत नाहीत, म्हणजे बोलण्यासारखं नसावं.

श्रीरामरावांनी ती रेघ तिच्याआधी पाहिली होती. त्यांनी डावीकडे पाहिलं. सून शांत होती.

कुणीतरी दुसऱ्या विमानातून रेडिओवर बोललं. ग्रँड रॅपिड्सच्या अलीकडे बर्फ धरतोय, मध्यम, असं तो पायलट कंट्रोलरला सांगत होता. त्याचं विमान दोन इंजिनांचं होतं; त्याला मध्यम, म्हणजे या सेसनाला फारच. देवयानीने पुन्हा दांड्याकडे पाहिलं. रेघ आता बोटभर जाड झाली होती, आणि ती गुळगुळीत नव्हती. बारीक काटे फुटलेले होते, पुढच्या बाजूला, वाऱ्याच्या तोंडाला. हे तिने कुठेतरी पाहिलं होतं. लहान थेंब, थंड हवा. थेंब लागतो, गोठतो, त्यावर दुसरा लागतो.

मग तिचं लक्ष वेगाच्या काट्याकडे गेलं. एकशे आठवर असायला हवा होता. काटा पंचाण्णवच्या जवळ होता.

सासऱ्यांनी इंजिन थोडं कमी केलं असावं, असं तिला आधी वाटलं. तेवढ्यात त्यांचा डावा हात खाली गेला. दोन सीटांच्या मध्ये एक छोटं उभं चाक असतं, ट्रिमचं. विमानाचं नाक खाली किंवा वर ओढ खात असेल, तर हाताला ताण पडू नये म्हणून ते फिरवायचं. श्रीरामरावांनी ते अंगठ्याने जरासं फिरवलं, इतक्या सवयीने, की त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. देवयानीला आठवलं, की हा हात मघाशीही असाच खाली गेला होता. त्याच्याआधीही.

“बाबा, तुम्ही पॉवर कमी केलीत?”

“नाही. हातच लावला नाही.”

“मग ट्रिम का करताय?”

“नाक जड होतंय. थोडं थोडं वर घेतोय.”

“कधीपासून?”

“ढगात शिरल्यापासून.”

देवयानीने पुन्हा काट्याकडे पाहिलं. वेग कमी होतोय हे तिच्या डोळ्यांना दिसत होतं. नाक जड होतंय हे त्यांच्या हाताला कळत होतं. अर्धी गोष्ट तिच्याकडे, अर्धी त्यांच्याकडे, आणि दोघांच्या मध्ये वीतभर जागा.

“बोलला नाहीत मला.”

“विमान तुझं आहे,” श्रीरामराव म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. “मला वाटलं तुला माहितीय. इथे असं चालत असेल.”

“नाही चालत,” देवयानी म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही बोलत नाही म्हणजे ठीक आहे. द्या बाबा, विमान माझ्याकडे द्या.”

“तुझ्याकडे,” ते म्हणाले आणि हात लगेच सोडले. ताट ओढून घेतल्यासारखं त्यांना वाटलेलं दिसलं नाही. उलट, खांदे थोडे सैल झाले.

चाक हातात घेतल्याबरोबर तिला समजलं, ते इतका वेळ काय धरून बसले होते. विमान सुस्त झालं होतं. तिने इंजिन पूर्ण उघडलं, आत बर्फ धरून इंजिन बंद पडू नये म्हणून कार्ब्युरेटरची उष्णता चालू केली आणि विचार केला. वर जावं, तर ढगाचा माथा किती वर आहे ठाऊक नाही, आणि हे विमान आता चढणार नाही. खाली जमिनीलगतही शून्याच्या खालीच, तेव्हा धरलेला बर्फ वितळायची आशा नाही. पण ढगाच्या बाहेर पडलं, तर नवा तरी धरणार नाही. आणि मोकळी हवा कुठे आहे, हे नक्की माहीत असलेली एकच दिशा होती: मागची.

तिने कंट्रोलरला बोलावलं. बर्फ धरतोय, मागे वळून लान्सिंगला उतरायचंय, हळूहळू खालीही यायचंय. पलीकडे एक बाई होत्या, त्यांनी लगेच वळायला सांगितलं, लान्सिंगची लांब धावपट्टी देऊ केली आणि विचारलं, ही इमर्जन्सी समजायची का. देवयानीच्या तोंडावर ‘नको, तसं काही नाही’ आलं होतं. पाहुणा चहा नको म्हणतो, तसंच ते आपोआप आलं होतं. तिने ते गिळलं.

“हो,” ती इंग्रजीत म्हणाली. “समजा.”

वळण तिने अगदी रुंद घेतलं. बर्फ धरलेलं विमान तिरकं केलं, तर कुठल्या वेगाला पंख दगा देतील ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. पुस्तकातले आकडे स्वच्छ पंखाचे. वळताना काट्यांवरून नजर हलवायची सोय नव्हती, आणि पंखांकडे, दांड्याकडे, काचेकडेही बघायला हवं होतं.

“बाबा,” ती समोर बघत म्हणाली, “आता जे दिसेल ते बोला. सगळं. मला वाईट वाटेल वगैरे काही मनात आणू नका.”

श्रीरामराव सीटवर जरा सरळ बसले. “वेग ब्याण्णव,” ते म्हणाले. “उजवा दांडा, दोन बोटं. काटेरी. खालच्या चाकावरही तेवढंच.” थोड्या वेळाने: “नव्वद. पंखाची कड पांढरी. सगळी.” मग: “अठ्ठ्याऐंशी. नाक थोडं खाली घे, उंची आहे आपल्याकडे.”

तिने घेतलं. काटा थांबला.

त्यांचा आवाज घरातलाच होता. डिशवॉशरच्या ताटल्या आणि हीटरचे अंश सांगणारा, एका पट्टीतला, न थकणारा. त्या आवाजाने इथे मात्र तिच्या डोक्यातली जागा मोकळी केली. तिला फक्त विमान सरळ ठेवायचं होतं; बाकीचं कानावर येत होतं.

समोरची काच आता गेलीच होती. हीटरचा सगळा झोत तिकडे वळवल्यावर खाली कोपऱ्यात बशीएवढा भाग तेवढा दिसत होता. ऑफिसातल्या शीतगृहात हा हीटर तिने पहिल्याच दिवशी नापास केला असता.

“देवयानी, दांड्याच्या खालच्या भागात चकाकी आलीय,” श्रीरामराव म्हणाले. “काटा नाही तिथे. काचेसारखं.”

तिने एक क्षण डोळा टाकला. पाक जास्त पडल्यावर दाणा होतो, तसा गुळगुळीत, जड थर. थेंब मोठे होत होते. वजन आता जास्त वेगाने वाढणार होतं. तिने आणखी थोडं खाली जायची परवानगी मागितली, ती मिळाली. काही काळ दोघं फक्त आकडे बोलत आणि ऐकत राहिले. मग बाजूच्या खिडकीतला पांढरा रंग पातळ झाला, एक रस्ता दिसला, परत गेला, परत दिसला, आणि विमान ढगाच्या पोटातून खाली आलं. उजवीकडे दूर लान्सिंगच्या कारखान्यांच्या चिमण्या. मागे ढग. पंखांवर ढगाने दिलेलं सगळं तसंच, पण नवं काही नाही.

“ब्याऐंशी,” श्रीरामराव म्हणाले. “स्थिर.”

इंजिन पूर्ण ताकदीवर असूनही.

धावपट्टी तिला काचेच्या त्या बशीएवढ्या तुकड्यातून आणि डोकं डावीकडे वळवून बाजूच्या खिडकीतून, अशी तुकड्या-तुकड्यांनी दिसत होती. ती सरळ रेषेत आली. आता सगळं ओळखीचं होतं. हे उतरणं तिने शेकडो वेळा केलं होतं, आणि शेकडो वेळा केलेल्या गोष्टीत हात आपोआप चालतात. या टप्प्यावर पंखांच्या मागच्या कडेला असलेले फ्लॅप खाली करायचे, म्हणजे विमान हळू येतं. तिचा उजवा हात फ्लॅपच्या दांडीकडे गेला.

“फ्लॅप नको,” श्रीरामराव म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता. आकडे सांगत होते त्याच पट्टीत. पण देवयानीचा हात दांडीपाशीच थांबला. शेपटी. शेपटीच्या छोट्या पंखावरही बर्फ असणार, आतून तो दिसत नाही, आणि फ्लॅप सोडले की सगळा ताण त्या शेपटीवर जातो. शेपटीने हात टेकले, तर नाक सरळ जमिनीकडे. हे तिने वाचलेलं होतं. परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर तिने बरोबर लिहिलं होतं.

तिने हात परत इंजिनाच्या दांड्यावर ठेवला. “नाही टाकत,” ती म्हणाली. “वेगातच उतरते.”

“उतर. पट्टी भरपूर आहे.”

चाकं टेकेपर्यंत तिने इंजिन कमी केलं नाही. विमान जोरात टेकलं, एकदा उडालं, मग बसलं आणि पळत सुटलं. लांब धावपट्टीचा अर्ध्याहून जास्त भाग संपल्यावर ते चालण्याच्या वेगावर आलं. बाजूला लाल दिव्यांची गाडी उभी होती. ती त्यांच्या मागून हळूहळू आली आणि काही लागत नाही म्हटल्यावर निघून गेली. कंट्रोलरबाईंनी शुभेच्छा दिल्या. देवयानीने आभार मानले. मग विमान हळूहळू उभं करायच्या जागेपर्यंत नेलं आणि इंजिन बंद केलं.

खाली उतरून दोघांनी विमानाभोवती एक फेरी मारली. पंखाच्या कडेवर, दांड्यांवर, चाकांवर पांढरे काटे, खाली काचेसारखे थर. शेपटीवर सगळ्यात जाड. या वेळी श्रीरामरावांचे हात पाठीमागे नव्हते. एका हाताने त्यांनी शेपटीवरचा तुकडा मोडून घेतला, हातमोज्यावर ठेवला आणि बराच वेळ बघितला.

“शैलाला दाखवायला पाहिजे,” ते म्हणाले. “असा काटा तिलाही नाही आला.”

देवयानीला हसू फुटलं. ते थांबायला जरा वेळ लागला, आणि थांबल्यावर तिने पाठ फिरवून नाक पुसलं.

आत, छोट्या विमानांच्या लोकांसाठी असलेल्या खोलीत कॉफी आणि गरम हवा होती. देवयानीने विमान वितळवण्यासाठी हँगरची सोय केली, क्लबला कळवलं, घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. ढगात शिरणं ही चूक होती आणि ती आपली होती, हेही सांगितलं. मग तिथल्याच फोनवरून भाड्याची गाडी मागवली. तोवर श्रीरामरावांनी तिच्या मोबाइलवरून बायकोला गाठलं होतं. उतरलोय, लान्सिंगला, हवा खराब, गाडीने येतोय, दागिने शाबूत आहेत, असा त्यांचा अहवाल झाला. पलीकडून काहीतरी विचारणा झाली. ते जरा घुटमळले.

“बोललो,” ते फोनमध्ये म्हणाले. “हो. बोललो मी. … अगं, पण तिने विचारलं.”

पलीकडचा आवाज आता देवयानीलाही ऐकू येत होता. एवढं बजावून सांगितलं होतं, एक दिवस, फक्त एक दिवस, तेवढंही तुम्हाला जमत नाही. श्रीरामराव ऐकत होते. बाजू मांडायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. देवयानी त्यांच्याकडे बघत राहिली. पाठीमागे बांधलेले हात, ‘हो, दिसतोय’ एवढंच म्हणणं, ढगातली ती शांतता, सगळं तिच्यासमोर एका ओळीत येऊन उभं राहिलं. तिने हात पुढे केला. श्रीरामरावांनी फोन दिला.

“आई,” ती म्हणाली, “तुम्ही बाबांना सांगितलं होतंत, माझ्या विमानात बोलायचं नाही म्हणून?”

मग शैलाबाईंनी सांगितलं, तुला त्रास होतो ते मला दिसत होतं गं, म्हणून.

“होत होता,” देवयानी म्हणाली. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते कॉफीच्या यंत्रावरच्या सूचना वाचत होते. “पण ते मीच त्यांना सांगायला पाहिजे होतं. तुम्ही नाही. आज ते बोलले म्हणून आम्ही इथे आहोत, आई. बाकीचं घरी आल्यावर सांगते. देवला झोपवू नका, दागिने निघालेत.”

भाड्याची गाडी लहान होती. मागच्या सीटवर खोकं आडवं बसलं. देवयानीने त्याला पट्टा लावला आणि हीटर मागे जाणार नाही असा वळवला. हमरस्त्यावर बारीक बर्फ पडत होता. तोच ढग, आता खालून बघायला मिळत होता. श्रीरामराव शेजारी मांडीवर हात ठेवून बसले होते. विमानतळ मागे पडला, एक गाव गेलं, दुसरं आलं. ते गप्पच.

“बाबा,” देवयानी म्हणाली. “आता काय झालं? बोला की.”

त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा आरशाकडे पाहिलं. बोलावं की नाही, हे ठरवत असावेत.

“डिशवॉशरचं राहू दे,” ते म्हणाले. “ते तुझं तू बघ. घरातलं सगळंच तुझं तू बघ. पण लेन बदलताना तू सिग्नल फार उशिरा देतेस.”

पुढे एक मालट्रक, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा फवारा उडवत चालला होता. देवयानीने आरशात पाहिलं, सिग्नल दिला, जरा थांबली, आणि मग लेन बदलली.

“असा?”

“असा,” श्रीरामराव म्हणाले. “वेग अठ्ठावन्न.”